दोन आडनावांचा एच-इंडेक्स

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात लोक पुस्तकं मागायला येतात, हा गैरसमज आता फक्त माझ्या आईचा उरलाय. माझ्याकडे येतात ते प्रमोशनची फाइल घेऊन. "सर, तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना." म्हणजे पेपर किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती केला, या दोन्हींतून निघणारा एक आकडा. तेही दुपारी चारला, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी.

गेल्या महिन्यात न्यूरोसर्जरीच्या एक असिस्टंट प्रोफेसर आल्या. रात्रभर अपघाताची केस चाललेली, डोळे लाल, हातात कॅन्टीनचा चहा. ग्रंथालयात चहा चालत नाही, पण रात्रभर कवटी उघडून उभं राहिलेल्या बाईला अडवायची माझी टाप नाही. पेपर सहा. गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं शोधनिबंध शोधायचं पान, एच-इंडेक्स ३ दाखवत होतं, आणि ते त्यांना पटत नव्हतं.

कारण दोन मिनिटांत सापडलं. तीन पेपर माहेरच्या आडनावाने, तीन सासरच्या. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. एकीच्या पेपरांना ४१, ९ आणि ४ सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांत झालेले उल्लेख, दुसरीच्या पेपरांना १७, ४ आणि १. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा काढायला सोपा आहे. पेपर उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशन्सपेक्षा मोठा झाला की थांबायचं, त्याआधीचा क्रमांक तोच एच-इंडेक्स. पहिलीचा ३, दुसरीचा २. एकत्र केल्यावर ४१, १७, ९, ४, ४, १. चौथ्याला चार आहेत, पाचव्याला पाच हवी होती, तिथे चारच. म्हणजे ४.

"एवढा उपद्व्याप करून एक वाढला," त्या म्हणाल्या. पण पेन काढून त्या चाराला गोल मात्र केला.

मग स्वतःच सांगायला लागल्या. "४१ वाला पेपर मी रेसिडेंट असतानाचा. पाच नावांत माझं चौथं. आणि ज्याला एक आहे ना, त्यासाठी मी तीन वर्षं पेशंट फॉलो केलेत."

"ते एक कोणाचं?"

"माझंच."

दोघंही हसलो. कामाचं श्रेय कोणाच्या नावावर जातं, यावरून मी त्यांच्यापुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जन राहिलेल्या डॉ. अतुल गोयल यांची गोष्ट काढली. मानेचा पहिला मणका अ‍ॅटलस, दुसरा अ‍ॅक्सिस. आपण 'नाही' म्हणून मान हलवतो ती मुख्यतः यांच्यामधल्या सांध्यावर. हा सांधा निसटायला लागला तर मागे मज्जारज्जू आहे, खेळ नाही. दोन्ही मणक्यांत थेट स्क्रू घालून ते प्लेटने जखडायची पद्धत गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये 'अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्गिका'त छापली. २००१ मध्ये जर्मनीतल्या हार्म्स आणि मेल्चर यांनी प्लेटऐवजी रॉड वापरून 'स्पाइन'मध्ये लिहिलं. पुढे कितीतरी पेपरांत ही पद्धत नुसती 'हार्म्स' म्हणून आली. 'गोयल-हार्म्स' हे जोडनाव रुळलं ते नंतर.

"आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये अजून हार्म्सच म्हणतो," त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

गोयलांचाच २०१५ चा एक पेपर मला सायटेशन समजावताना फार उपयोगी पडतो. किआरी विकारात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या भोकातून मानेत उतरतो. नेहमीची शस्त्रक्रिया म्हणजे मागचं हाड काढून जागा करणं. यांनी ६५ रुग्णांच्या आधारे मांडलं की मूळ दुखणं त्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, तेव्हा तेच जखडा. वाद पेटला. पटलं म्हणून उल्लेख करणारे आले, खोडून काढायला उल्लेख करणारेही आले. मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच, आकडा वरच जातो. मुलाखतीच्या टेबलावर फक्त बेरीज पोचते, भांडण कशावर होतं ते नाही. मला विचाराल तर भांडणच वाचायला मजा येते.

सहाही पेपर एका प्रोफाइलखाली आणायला पाच वाजले. त्याच बैठकीत त्यांचा ऑर्किड (ORCID) क्रमांकही काढला, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख. त्याचा फायदा हा की लग्न, घटस्फोट, काहीही होवो, क्रमांक बदलत नाही. नावाच्या रकान्याशी आल्यावर त्या अडल्या. कर्सर लुकलुकत होता, चहा गार झाला होता.

"दोन्ही आडनावं टाकली तर चालेल?"

"चालेल की. मधे आडवी रेघ द्या."

त्यांनी टाइप केलं, एकदा खोडलं, माहेरचं पुढे घेतलं.