खिडकी नसलेले विमान

आई पहिल्यांदा सॅन डिएगोला आली, तेव्हा माझ्या टेबलावरचे नारिंगी विमान तिने उचलले, उलटसुलट फिरवून पाहिले आणि विचारले, "यात माणूस कुठे बसतो रे?" प्रश्न नेमका होता. त्या विमानाला खिडकी नाही, कारण ते ज्यांच्यासाठी बनवले ते त्यात बसणारे नव्हतेच. ते त्याच्यावर नेम धरणारे होते. नेमबाजीच्या सरावाचे निशाण म्हणून बनवलेल्या आणि १९५१ साली प्रथम उडालेल्या 'रायन फायरबी' या विनावैमानिक जेटची ती वीतभर प्रतिकृती आहे, आणि खरे फायरबी घडवणारी रायन एरोनॉटिकल कंपनी याच शहरातली.

अशा प्रतिकृती मुलांसाठी नसत. कंपन्या त्या लष्करी अधिकाऱ्यांना भेट देत, किंवा आपल्याच साहेबांच्या टेबलांवर ठेवत. साहेब निवृत्त झाले की त्या घरी येत आणि पुढे घर आवरताना विक्रीला निघत. माझी मला अशाच एका विक्रीत, एका रक्षापात्राच्या आणि स्लाइड रूलच्या शेजारी मिळाली. तिच्या नाकाला तडा आहे, पंखावरची अक्षरे पिवळी पडली आहेत आणि बैठकीचा एक स्क्रू मूळचा नाही. ती नव्याने रंगवण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण मला तो मान्य नाही. जुन्या वस्तूला नवा रंग देणे म्हणजे आजोबांच्या केसांना कलप लावण्यासारखे वाटते. मी फक्त तिला उन्हापासून जपतो, कारण त्या काळचे प्लॅस्टिक उष्णतेने वाकते.

निशाण म्हणून बनवलेली वस्तू इतकी जपावी, याचे पाहुण्यांना हसू येते. पण खऱ्या फायरबीलाही जपतच असत. क्षेपणास्त्र त्याच्या किती जवळून गेले हे उपकरणे मोजत, त्यामुळे प्रत्येक वेळी ते पाडण्याची गरज नसे. सराव संपला की ते पॅराशूटने खाली उतरे, दुरुस्त होई आणि पुन्हा उडे. याच विमानापासून तयार केलेल्या टेहळणी विमानांपैकी 'टॉम कॅट' या टोपणनावाच्या एकाने व्हिएतनाम युद्धात ६८ मोहिमा केल्या. निशाणाच्या कुळात जन्मून इतके नेम चुकवणाऱ्याबद्दल मला काहीसा घरोबा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

या संग्रहामागे आणखी एक गंमत आहे. रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवूडमधला इंग्रज नट विमानांच्या प्रतिकृतींचा इतका शौकीन होता की त्याने १९३०च्या दशकात त्यांचे दुकानच थाटले, आणि त्याच छंदातून पुढे त्याची रेडिओप्लेन कंपनी उभी राहिली. रेडिओवर चालणारी तिची छोटी विमाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तोफखान्याने सरावासाठी हजारोंच्या संख्येने वापरली. (तिच्याच कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन या तरुणीचे छायाचित्र १९४५ साली एका लष्करी छायाचित्रकाराने टिपले, पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणू लागले.) म्हणजे प्रतिकृती आधी आली आणि निशाणाचे विमान तिच्या पोटी जन्मले, माझ्या टेबलावर आहे ते बहुधा नातवंड.

भारताच्या अशाच विमानाचे नाव 'लक्ष्य' आहे, आणि ते बंगळुरूला विकसित झाले, हे सांगितल्यावर मात्र आईला सारा प्रकार चटकन उमगला. त्याची टेबलावर ठेवण्याजोगी जुनी प्रतिकृती अजून माझ्या हाती लागलेली नाही. शोध चालू आहे.

आईच्या त्याच मुक्कामात खंडेनवमी आली. मी पाटावर पक्कड, पाने, माझा स्क्रू-ड्रायव्हर मांडला आणि जरा संकोचत फायरबीही ठेवले. "हे शस्त्र आहे का?" तिने विचारले. मी म्हणालो, "नाही. शस्त्रे याच्यावर शिकतात." तिने क्षणभर विचार केला, सगळ्यांना हळदकुंकू वाहिले आणि उरलेले झेंडूचे फूल त्या तडा गेलेल्या नाकावर ठेवले. फुलाचा आणि विमानाचा रंग इतका एक होता की आरतीच्या वेळी ते फूल मला दिसेनासेच झाले.