पामक्या

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त झाला होता. समोरची खोली वाशांपर्यंत भरली, मग बैठकीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला, आणि टीव्हीपुढे दोन माणसं कशीबशी बसतील एवढी जागा उरली. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवायचा, आणि घर आपल्याला ठेवून घेईल तिथं आपण झोपायचं, असा यवतमाळ जिल्ह्यातला आमचा हिवाळा असतो.

अशा दिवसांत पुतणी पुण्याहून आली. कापसाच्या गंजीवर लोळायची तिची लहानपणापासूनची हौस. दोन दिवस लोळली, तिसऱ्या दिवशी अंग खाजवत बसली. "सांगतलं होतं ना बाई तुले, ठेवला कापूस आंगाले चावते," माय म्हणाली. पण पुतणीची तक्रार वेगळीच होती. मानेमागं काहीतरी टोचत होतं. कापसातली काडी असेल म्हणून तिनं टी-शर्टची कॉलर उलटी केली तर आत एक जाडजूड लेबल निघालं. एकावर एक शिवलेल्या चार पट्ट्या, लहानशा वहीसारख्या. सेलमधला माल, परदेशात जायचा तो चुकून इथं राहिलेला. त्यावर 'शंभर टक्के' आणि त्यापुढं एकच शब्द, डझनभर भाषांत.

मायनं कात्री आणली. पुतणीनं लेबल कापलं, पण फेकलं नाही. ती सध्या जर्मन शिकते आहे.

"काका, हे बघ. बाउमवोले. बाउम म्हणजे झाड, वोले म्हणजे लोकर."

"झाडाले कायची लोकर?" माय म्हणाली.

माय हसली खरी, पण हा विनोद अडीच हजार वर्षं जुना आहे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलं, की हिंदुस्थानात रानझाडांना फळ म्हणून लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते, आणि तिथली माणसं तिचेच कपडे घालतात. बिचाऱ्यानं कापसाचं झाड, आमची पऱ्हाटी, पाहिलेली नव्हती. पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याच्या मानानं बरंच बरोबर लिहिलं. त्याच चालीवर जर्मनांनी नाव ठेवलं, स्वीडिश लोक 'बोमुल' म्हणतात, फिनलंडमध्ये 'पूविला', सगळीकडं अर्थ तोच, झाडाची लोकर. पोलंडवाल्यांनी तर कमाल केली. जर्मन शब्दाचा पुढचा अर्धा तसाच राहू दिला आणि मागच्या अर्ध्याला आपली पोलिश लोकर जोडून 'बावेउना' केलं. आपल्याकडं 'डबलरोटी' झाली तसंच ते.

ऐकीव माहिती फार फिरली की काय होतं तेही युरोपानं पाहिलं आहे. चौदाव्या शतकात जॉन मँडेव्हिल याच्या नावावर एक प्रवासवर्णन खपत होतं. त्यात दूर पूर्वेकडचं एक झाड आहे. त्याला भोपळ्याएवढी फळं लागतात आणि फळ चिरलं की आत कोकरासारखा जिवंत प्राणी निघतो. पुढच्या काळात काही अभ्यासकांनी या कोकराच्या झाडाचं मूळ कापसात शोधलं. शोधू देत. आमच्या बोंडातून आजवर अळीच निघाली आहे, तीही गुलाबी.

मला मात्र या युरोपवाल्यांना हसवत नाही. ज्याच्या दारात मेंढ्या, तो पांढऱ्या मऊ वस्तूला लोकरच म्हणणार. गावात पहिल्यांदा रंगीत टीव्ही आला तेव्हा काश्मीरचा बर्फ पाहून आमचीच माय म्हणाली होती, "पाहा वं माय, आभायातून कापूस पडून राह्यला!" आणि हाच खेळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अगदी उलटा झाला. मेक्सिकोतल्या ॲझटेक लोकांकडं कापूस होता, मेंढ्या नव्हत्या. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत कापसाला 'इच्कात्ल' म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेंढ्या घेऊन उतरले, तर त्या लोकांनी मेंढीलाही इच्कात्ल म्हणायला सुरुवात केली. म्हणजे इकडं झाडाची लोकर, तिकडं चार पायांचा कापूस! हे मी मायला सांगितलं तेव्हा तिला ॲझटेकांचं एकदम पटलं. जर्मनांचं अजूनही पटलेलं नाही.

लेबलावरची दुसरी टोळी व्यापाऱ्यांची. अरबी भाषेत कापसाला 'कुत्न' म्हणतात. त्यावरून इटालियन 'कोतोने', फ्रेंच 'कोतों', आणि आपल्याकडं दुकानदाराच्या तोंडी रोज असलेलं 'कॉटन'. अरबांनी कापसाची शेती सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली. स्पेनमध्ये तर शब्दाला पोचवायला आलेला 'अल्' हा अरबी उपपद परत गेलाच नाही, आणि तिथं कापूस 'अल्गोदोन' झाला. पोचवायला आलेला पाहुणा मुक्कामी राहिला की कसं होतं, हे आम्हाला सांगायला नको.

इंग्रजांनी या कॉटनचं क्रियापदही केलं. एखाद्याशी आपलं जमलं तर ते त्याच्याशी 'कॉटन' होतात. आपलं मात्र सूत जमतं. त्यांचा कापूस पिंजायचा राहिला आहे आणि आपलं सूत कातून तयार, एवढाच फरक.

तिसऱ्या टोळीनं मला सगळ्यात जास्त गुंतवलं. फारसीत 'पंबा', तुर्कीत 'पामुक', हंगेरीत 'पामुत', ग्रीसमध्ये 'वाम्वाकी', रुमानियात 'बुम्बाक'. तोंडात घोळवले तर सगळे गादीवर बुक्की मारल्यासारखे वाजतात. तुर्कस्तानात पामुक्काले नावाचं ठिकाण आहे. गरम झऱ्यांच्या पाण्यातला चुना साचून तिथला डोंगर पांढराशुभ्र झाला आहे, म्हणून त्याचं नाव कापसाचा किल्ला. आणि त्या देशाला २००६ साली साहित्याचं नोबेल मिळवून देणाऱ्या कादंबरीकाराचं आडनावही पामुकच. आमच्याकडं असते तर ते कापसे गुरुजी असते, आणि त्यांचे शेजारी बोंडे.

याच कुळातला एक शब्द इंग्रजीत 'बॉम्बास्ट' होऊन बसला. आधी त्याचा अर्थ कपडे फुगवायला आत भरायचा कापूस, आणि नंतर फुगवलेलं भाषण. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या चौकात असा कापूस पुष्कळ उतरतो. त्याला काटा लागत नाही, ओलावाही कुणी मोजत नाही. आमच्या कापसाचा ओलावा मात्र ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात.

चिनी अक्षर पुतणीनं मोबाइलवर मोठं करून दाखवलं. एकाच अक्षरात तीन चित्रं. डाव्या हाताला झाड, उजवीकडं वर पांढरं आणि त्याच्याखाली कापड. झाड, पांढरं, कापड. इतक्या थोडक्यात तर आमचे तलाठीसुद्धा पिकाची नोंद करत नाहीत.

आणि आपला कापूस? लेबलावर तो नव्हता. पण त्याची जुनी पिढी जगभर हिंडून आली आहे. संस्कृत 'कार्पास', प्राकृतात 'कप्पास', मग हिंदी-गुजरातीत 'कपास' आणि आपला 'कापूस'. तोच कार्पास हिब्रू बायबलात एस्तेरच्या गोष्टीत आहे. शूशनच्या इराणी राजवाड्यात मेजवानी असते तेव्हा कार्पासाचे पडदे लावलेले असतात. ग्रीकांनी त्याचं 'कार्पासोस' केलं, रोमनांनी 'कार्बासुस'. तिथं पोचेपर्यंत शब्द आपलं गाव विसरला. आधी तलम कापड झाला, मग जवसाच्या धाग्याचं कापडही त्याच नावानं ओळखू लागले आणि शेवटी लॅटिन कवितेत तो जहाजाचं शीड होऊन फडफडू लागला. पूर्वेकडं गेलेला मात्र सरळ निघाला. इंडोनेशियात आजही कापसाला 'कापास'च म्हणतात.

बाउमवोले फोडलं की झाड आणि लोकर निघते. कापूस फोडला की सरकी निघते, अर्थ निघत नाही. हा शब्द मुळात संस्कृतचाही नसावा, मुंडा कुळातल्या एखाद्या भाषेतून तो संस्कृतात आला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. मला ते मत आवडतं, आणि त्याचं कारण अजिबात शास्त्रीय नाही. आमच्या मेळघाटातले कोरकू बोलतात ती भाषा याच मुंडा कुळातली. म्हणजे रोमन शिडातला तो शब्द आमच्या डोंगरातल्या कुणाच्या तरी लांबच्या नात्यातला निघेल, या कल्पनेनंच मला बरं वाटतं.

शेजारी मात्र वेगळं बोलतात. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेलं की तेलुगूत कापूस 'पत्ती' होतो, तमिळमध्ये 'परुत्ती'. कन्नडनं जुन्या 'प'चा 'ह' केला, म्हणून तिथं 'हत्ती'. एकदा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात मी गाडीचा नंबर लागायची वाट बघत होतो. बाजूचा कर्नाटकातला ट्रकवाला फोनवर मालकाला सांगत होता, "हत्ती लोड आगिदे, हत्ती." आमच्या गड्यानं ट्रकच्या मागं जाऊन ताडपत्री उचलून पाहिली.

ही सगळी यादी मी मायला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, "अन् पऱ्हाटीले काय म्हंतात?"

मी लेबल उलटसुलट केलं. पऱ्हाटी नव्हती. झाड उभं असतं तोवर ती पऱ्हाटी. कळी म्हणजे पातं, फळ म्हणजे बोंड. फुटून पांढरं झालं की कापूस. किडीनं वा पावसानं खराब होऊन पिवळट, चिकटलेलं निघालं की कवडी. आतलं बी सरकी, सरकी काढली की रुई, सरकीचं तेल काढून उरते ती गाईपुढची ढेप. आणि शेवटच्या वेचणीनंतर शेत मोकळं करायचं त्याला उलंगवाडी. शहरातला माणूस या सगळ्याला कापूस म्हणून मोकळा होतो, तसा मीही पगार सुरू झाल्यावर होऊ लागलो होतो.

आमच्याकडं कापूस ही तारीखही असते. किराणा दुकानात "कापसावर देतो" म्हटलं की दुकानदार वहीत महिना लिहीत नाही. बापाचा चष्मा कापसावर, पोरीचं लग्न कापसावर, घराची भिंत कापसावर. माझी कॉलेजची फी दोन वर्षं कापसावर होती आणि त्यातल्या एका वर्षी कापूसच झाला नाही. ती फी मायच्या पाटल्यांवर गेली. या अर्थानं तो शब्द कुठल्या भाषेत कसा सांगतात ते मी शोधलं, मोबाइल गप्प बसला.

एक गंमत मात्र मायला सांगितली नाही. तिच्या सासऱ्यांच्या काळातली पऱ्हाटी देशी होती, बोंडं लहान, धागा आखूड. आता वावरात आहे ती जात मूळची अमेरिकेकडची, तिचं माहेर मेक्सिकोच्या बाजूला. २००२ नंतर बीटीचं बियाणं आलं आणि देशी जवळजवळ दिसेनाशी झाली. म्हणजे शब्द आपला, झाड ॲझटेकांचं. आमच्या सहा एकरांत इच्कात्ल उभं आहे आणि आम्ही वेचणीआधी सीतादहीची पूजा करून, ते कार्पास म्हणून वेचतो आहोत. वेचणाऱ्या बायांच्या ओटीला यातलं काही जाणवत नाही. त्यांना किलोमागं मजुरी मिळते, मेक्सिकोमागं नाही.

पुतणी जायच्या दोन दिवस आधी गाय व्याली. गवळाऊ जातीची गाय, तिला शुभ्र गोऱ्हा झाला. पुतणीनं त्याचं नाव पामुक ठेवलं, लेबलाला दोरा ओवून त्याच्या गळ्यात बांधलं आणि फोटो काढून पुण्याला निघून गेली. लेबल गाईनं दुसऱ्याच दिवशी चाटून चाटून तोडलं. ते कापसाचं नव्हतंच, प्लास्टिकच्या धाग्याचं होतं, म्हणून मायनं धावत जाऊन तिच्या तोंडातून ओढून काढलं.

नाव तेवढं राहिलं. पण आठवडाभरात त्याचं पामक्या झालं. परवा ढोरक्यानं मला मधेच थांबवून विचारलं, "मास्तर, पामक्या म्हंजे काय जी?"

"कापूस," मी म्हणालो. "तुर्कस्तानात म्हणतात."

त्यानं गोऱ्ह्याकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं.

"मंग कापश्याच म्हनाचं होतं ना."