तिकिटावरची पंधरा मिनिटे

गेल्या कार्तिकात आईला पशुपतिनाथाचे दर्शन घडवायचे ठरले, तेव्हा नाशिकहून काठमांडूला जायला नेमका किती वेळ लागेल, हे कागदावर मांडताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. अंतर समजणे सोपे होते. दिल्ली ते काठमांडू हे हवाई अंतर सुमारे ८१५ किलोमीटर, म्हणजे नाशिकचा ओझर विमानतळ ते दिल्ली या जवळजवळ हजार किलोमीटरपेक्षाही कमी. आईला हे खरे वाटेना, म्हणून मुलीच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून दोन्ही अंतरे तिला दाखवली.

घोळ झाला तो वेळेचा. जाताना विमान दिल्लीहून १२.३० वाजता सुटून २.२५ वाजता काठमांडूला पोहोचणार होते, आणि येताना ३.३० वाजता निघून ५.१० वाजता दिल्लीत उतरणार होते. म्हणजे जायला १ तास ५५ मिनिटे आणि यायला १ तास ४० मिनिटे, असा सरळ अर्थ मी लावला आणि त्यावर पुढचे सगळे वेळापत्रक बसवले. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, हे लक्षात आले तेव्हा उत्तर बरोबर उलटे निघाले. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे, त्यामुळे जाण्याचा खरा वेळ १ तास ४० मिनिटे आणि येण्याचा १ तास ५५ मिनिटे. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; जाताना ते विमानाला साथ देतात आणि परतताना समोरून येतात, हेही त्यात बसते.

पंधराच मिनिटे का, याचे उत्तर मला फार आवडले. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, तर नेपाळची गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या ८६.२५ अंशांवर. फरक पावणेचार अंशांचा, म्हणून १५ मिनिटांचा. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “अरे, मग तिथलं घड्याळ महादेवाचंच की!”

कागदपत्रांचे काम त्या मानाने लवकर झाले. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती, म्हणून मी मतदार ओळखपत्र घेतले. आईचे वय अडुसष्ट असल्याने तिचे आधार कार्ड चालले. ओझरचे आणि काठमांडूचे तिकीट वेगवेगळे असल्यामुळे दिल्लीत सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागणार होते. वृद्ध माणसाला धावपळ नको, म्हणून जाताना आणि येतानाही दिल्लीत एकेक मुक्काम ठेवला.

जाताना आईला डाव्या खिडकीची जागा घेतली होती, कारण पूर्वेकडे जाताना हिमालय डाव्या हाताला राहतो. बर्फाची रांग दिसू लागली तशी तिने जपमाळ पिशवीत ठेवली आणि काचेला कपाळ टेकवले. डोंगरांनी वेढलेल्या त्या विमानतळावर एकच धावपट्टी आहे. तिथे आमच्या विमानाला उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत वीस मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. चाके टेकल्यावर आईने मनगटावरचे जुने घड्याळ काढून माझ्या हातात दिले, आणि मी त्याचे काटे पंधरा मिनिटे पुढे केले.