तमान नेगारा: जीप सोडा, बुंबुनमध्ये रात्र काढा

आधी राग काढून टाकतो. मलेशियातल्या तमान नेगारा या राष्ट्रीय उद्यानासमोरच्या क्वाला तहान गावात कुणी 'नाइट सफारी' विकायला आलं तर सरळ नाही म्हणा. मी माणशी ५० रिंगिट मोजले. उद्यान तेंबेलिंग नदीच्या पलीकडे आणि गाडी निघाली अलीकडूनच, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वीस मिनिटांनी हेडलाइटमध्ये झाडं दिसू लागली ती रांगेत उभी! पामतेलाची लागवड होती ती. दीड तासात दोन वाघाटी (ठिपक्यांची रानमांजरं), एक उदमांजर आणि निवांत रवंथ करणाऱ्या गाई, एवढाच ऐवज.

प्राणी खोटे नव्हते म्हणा. पामच्या फळांवर उंदीर येतात, उंदरांमागे वाघाटी येते आणि मोकळ्या रांगांत ती पटकन दिसते. पण मलेशियातलं ४,३४३ चौरस किलोमीटरचं, १९३८-३९ पासून राखलेलं वर्षावन नदीपलीकडे असताना मी शेतात बॅटरी मारत फिरत होतो. भोवतालचं किती जंगल या पामनं गिळलंय, ते कळलं, एवढाच फायदा.

खरं काही बघायचं तर बुंबुन कुंबांग. बुंबुन म्हणजे खांबांवरचं लाकडी मचाण, समोर जेनुत, म्हणजे खारट मातीची जागा. झाडपाल्यातून सोडियम पुरेसं मिळत नाही म्हणून तृणभक्षी तिथे माती चाटायला येतात. वाट ११ किलोमीटर. "सपाट आहे, चार तास," असं मला सांगितलं होतं. सात लागले. सपाट कसली, एका घळीतून वर आलं की पुढची घळ. चिकणमाती, त्यावर ओली मुळं, आडवी पडलेली झाडं. आणि वेत! त्याच्या लांब दोरीसारख्या फांदीला उलटे आकडे असतात. बाहीत अडकला तर ओढू नका, दोन पावलं मागे या, आपोआप सुटतो. मी ओढला. शर्ट तिथेच फाटला.

जळवांसाठी लीच सॉक्स हवेतच, पँट आत खोचून. तरी मी कमरेवरून तीन काढल्या. पाणी तीन लिटर संपलं. जाताना चालण्याचा हट्ट करू नका, क्वाला त्रेंगानपर्यंत बोटीने जा आणि पुढची पाऊण तासाची वाट चाला. भाडं आख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे, तेव्हा धक्क्यावर जोडीदार शोधा. नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा नकोच.

मचाणात वीज नाही, लाकडी बाक आहेत, आणि उंदीर आहेत. खाणं आढ्याला दोरीने टांगा. मी बॅगेत ठेवलं होतं, सकाळी बॅगेला भोक आणि बिस्किटांचा चुरा. एका डच जोडप्याबरोबर दोन-दोन तासांचा पहारा वाटून घेतला. पंधरा मिनिटांनी एकदाच, काही सेकंद, तांबडा उजेड टाकायचा असं ठरलं. पावणेतीनला माझ्या पाळीत खाली एक पांढरी चादर सरकली. फक्त चादर, पुढे-मागे काही नाही. मग डोकं कळलं, मग सोंडेसारखं नाक. टॅपिर! डुकरासारख्या बांध्याचा प्राणी, पुढे-मागे काळा आणि मधे पांढरा, म्हणून अंधारात नुसती चादर दिसते. चार मिनिटं चिखल चाटण्याचा चपचप आवाज आला आणि चादर झाडीत गेली. डच बाईला उठवायचं राहूनच गेलं. सकाळी ती माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत: दोन रात्री राहा. एका रात्रीत काही न दिसण्याचीच शक्यता जास्त.

वाघाची आशा ठेवू नका. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अख्ख्या मलेशियात १५० पेक्षा कमी उरलेत. शिकाऱ्यांचे तारेचे फास त्यांच्या मुळावर उठलेत. फास वाघ की भेकर बघत नाही, जो पाय पडेल तो धरतो. वाटेवर तार दिसली तर हात लावू नका, जागा नीट टिपून वन्यजीव खात्याच्या कार्यालयात सांगा.

झाडांच्या शेंड्यांवरचा झुलता पूल बघितला. बरा आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

परतीला बोटच घेतली. बूट काढले, तर उजव्या मोज्यात अजून दोघी बसल्या होत्या, टम्म फुगून.