गर्व कुणाचा, शब्द कुणाचा

भाषांतराचं काम करते म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘मग सांगा, सगळ्यांत गर्विष्ठ लोक कुठल्या भाषेचे?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयार असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते, कारण हा प्रश्न दर वेळी माझ्या मनाला लागतो.

गर्वाला नावं ठेवणारे शब्द प्रत्येक भाषेत ढीगभर आहेत. पण त्यातला एकही गर्विष्ठ माणसानं स्वतः घडवलेला नाही. ‘मी हल्ली फार शेफारलोय’ असं कुणी म्हणतं का? हे सगळे शब्द बघणाऱ्यांचे, शेजारी उभं राहून ऐकणाऱ्यांचे. एखाद्या भाषेत ते शंभर सापडले, तर त्या लोकांची एकमेकांवर बारीक नजर आहे एवढंच कळतं.

ही नजर आधी नाकावर जाते. जर्मनमध्ये असा माणूस ‘होखनेझिश’, म्हणजे उंच नाकाचा. रशियनमध्ये तो नाक वर करतो. जपानीत तो ‘तेंगू’ होतो. तेंगू हा तिकडच्या लोककथांमधला लांब नाकाचा जीव. आपल्याकडे तो नाकाने कांदे सोलतो. फ्रेंचांचं मात्र लक्ष खाली गेलं, तिथे गर्वानं पायाचे घोटे सुजतात. इंग्रजीत त्याला स्वतःचे बूट लहान पडतात आणि डचमध्ये तो बुटांच्या शेजारून चालतो.

स्पॅनिशमधला एक प्रयोग माझा फार लाडका आहे, आणि त्यानंच मला सर्वांत जास्त अडवलं. एका संवादात एक जण स्वतःच्या कामाची तारीफ करत सुटतो. मित्र त्याला म्हणतो, ‘तुला आजी नाही वाटतं.’ शब्दशः ठेवलं तर मराठी वाचकाला वाटणार, मित्र सांत्वन करतोय. खरा अर्थ असा, की कौतुक करायला घरात आजी असते; ती नसली की बिचाऱ्याला ते काम स्वतःच करावं लागतं. ‘स्वतःची टिमकी वाजवू नकोस’ लिहून पाहिलं. ‘आपलीच लाल करतोस’ लिहून पाहिलं. अर्थ आला, पण आजी गेली, आणि तिच्याबरोबर त्या वाक्यातली मायाही गेली. दोन दिवसांनी सुचलं: ‘आजीला बोलायला काही ठेवशील की नाही?’ तेच ठेवलं.

आपल्या भाषेतही अशी समज आहे. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणं’ घ्या. हरभरा गुडघ्याएवढा वाढतो, त्याला झाड म्हणणं हीच खुशामत. शिवाय चढणाऱ्यापेक्षा चढवणाऱ्याचा दोष मोठा, हेही त्यात आलंच. ‘भाव खाणं’ बाजारातून आलं. ‘दीडशहाणा’ तर चक्क हिशेब करतो: शहाणपण पुरतं एक आहे, वरचं अर्धं यानं स्वतःच जोडलेलं. ‘शिष्ट’ या शब्दाची मात्र मला हळहळ वाटते. संस्कृत व्याकरणकारांसाठी शिष्ट म्हणजे ज्यांचं बोलणं प्रमाण मानावं अशी माणसं. मराठीत ‘ती भारी शिष्ट आहे’ म्हणजे ती आपल्याशी बोलतच नाही.

पण या सगळ्यांवर कडी केली ती पाणिनीनं. त्याच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात ३.२.८३ हे सूत्र आहे, ‘आत्ममाने खश्च’. आत्ममान म्हणजे स्वतःला काहीतरी मानणं. मानणारा आणि ज्याला मानलं तो एकच असेल, तर ‘मन्’ (मानणं) या धातूला ‘खश्’ हा प्रत्यय लागतो आणि ‘पंडितंमन्य’ तयार होतो: स्वतःला पंडित समजणारा. समजा, देवदत्त नावाचा कुणी दुसऱ्या कुणाला देखणा मानत असेल, तर देवदत्ताला ‘दर्शनीयमानी’ म्हणता येईल; ‘दर्शनीयंमन्य’ मात्र तो स्वतःलाच देखणा मानत असेल तरच. माणूस दुसऱ्याबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, हा फरक नुसत्या प्रत्ययानं दाखवता येतो! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. मराठी समीक्षेत ‘पंडितंमन्य’ अजून वापरतात, बहुतेक कुणाला तरी झोडपायला.

त्याच ‘मन्’ धातूच्या कुळातला आपला ‘मानी’. ‘परिस्थिती बेताची, पण बाई मानी’ असं म्हणताना आवाजात आदर असतो. आणि हा शब्दही त्या बाईचा नाही, तिला रोज जवळून बघणाऱ्यांचाच आहे.