व्हिएन्नात राहताय ना, मग दर वीकेंडला पळता कुठे?

व्हिएन्नात नवीन आलेला आपला माणूस पहिलं वर्षभर काय करतो, तर लाँग वीकेंड मोजतो. ब्रातिस्लाव्हा ट्रेनने तासाभरावर, बुडापेस्ट अडीच तास, प्राग चार तास, मग काय, शुक्रवारी ऑफिस सुटलं की बॅग पाठीला. फोटो छान येतात, मान्य. पण दोन वर्षांनी याच मंडळींना विचारा की तुमच्या घराजवळ बसण्यासारखं कॉफी हाऊस कुठलं, तर सगळे गप्प. ज्या शहराचं भाडं भरतो तेच राहून जातं, आणि हे शहर असं की इथली निम्मी मजा स्वस्तात किंवा फुकटात आहे, फक्त वेळ काढून बूड टेकावं लागतं. किंवा उभं राहावं लागतं.

ऑपेराचंच घ्या. "ते श्रीमंतांचं काम, सूट लागतो" असं परस्पर ठरवून लोक श्टाट्सओपर, म्हणजे इथल्या सरकारी ऑपेरा हाऊससमोर सेल्फी काढतात आणि घरी जातात. अहो, आत उभ्याने बघायची तिकिटं असतात, श्टेप्लाट्झ! मी आले तेव्हा खाली पार्टेरचं 4 युरो आणि वर गॅलरीचं 3, प्रयोगाच्या 80 मिनिटं आधी खिडकी उघडायची. आता त्याच दिवशीची तिकिटं ऑनलाइन पण मिळतात, दरही वाढलेत, तरी खुर्चीच्या तिकिटापुढे काहीच नाहीत. तेव्हाची पद्धत ऐका, तिकीट घ्यायचं, भराभर आत जायचं आणि समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, झाली जागा तुमची, आता खुशाल बाहेर जाऊन खाऊन या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत मोठे झालेल्या आम्हा सांगलीकरांना हे कोणी शिकवायला नको. माझ्याकडे स्कार्फ नव्हता म्हणून मी ओढणीच बांधली, तर शेजारच्या आजींनी ती सोडली, चार पदरी घडी घातली, बारीक गाठ मारून परत बांधली आणि म्हणाल्या, एवढी पसरायची नाही, तळहाताएवढी पुरे. आजी कायमच्या उभ्यावाल्या. पहिला अंक झाल्यावर गायिकेबद्दल त्यांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या स्टॉलपाशी आमच्याकडचे म्हातारे हेच करायचे. खाली खड्ड्यात वाजवणारे कोण, तर ज्यांच्यातून व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा बनतो ते, 1 जानेवारीला जगभर टीव्हीवर दिसतात ते. कठड्यावरच्या छोट्या स्क्रीनवर इंग्रजी भाषांतर येतं, त्यामुळे कोण कोणावर का चिडलंय तेही कळतं.

जुलै-ऑगस्टला ऑपेराला सुट्टी असते, तेव्हा राटहाऊस, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोर मोठ्ठा पडदा लावून ऑपेरा आणि कॉन्सर्टची रेकॉर्डिंग्ज दाखवतात, फुकट, बाजूला खाण्याचे स्टॉल. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं. बाबा संगीत नाटकात मुरलेले. नायक छातीत खंजीर घेऊन चांगली दहा मिनिटं गायला, आई म्हणाली आता मर बाबा एकदाचा, आणि बाबांचा प्रश्न, "यांच्यात वन्स मोअर नाही का गं?"

कॉफी हाऊसबद्दल एवढंच सांगते की वेटर खेकसला तर मनाला लावून घेऊ नका, तो सगळ्यांवर खेकसतो. 2011 साली इथली कॉफी हाऊस संस्कृती ऑस्ट्रियाच्या युनेस्को वारसा यादीत गेली, बहुतेक वेटरसकट गेली असावी. मेलांज, म्हणजे इथली फेसाळ दुधाची कॉफी मागवा, चकचकीत ट्रेमध्ये कपाबरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. लाकडी दांडीला अडकवलेले पेपर असतात ते घ्या आणि बसा दोन-तीन तास. उठवत कोणी नाही, बिल सुद्धा मागितल्याशिवाय आणत नाहीत. हा मला मिळालेला मोठाच धक्का होता, चांगल्या अर्थाने.

उन्हाळ्यात ऑफिसनंतर यू-वन मेट्रो पकडून डोनाऊइन्झेलला उतरायचं. डॅन्यूब नदीच्या पुराचं पाणी वळवायला खणलेल्या कालव्याच्या मातीतून बनवलेलं 21 किलोमीटर लांब बेट, आणि लोक सरळ पाण्यात उड्या मारतात, फुकट. पहिल्यांदा मी काठावर बसून नुसतं बघितलं, कारण आपल्याकडे शहरातल्या नदीत उतरायचं म्हणजे... असो.

आणि सप्टेंबर लागला की श्टुर्म! द्राक्षाचा रस अर्धवट आंबलेला, ढगाळ, गोडसर, आणि चढतो कधी ते कळत नाही. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात कारण आत अजून आंबणं चालूच असतं, तेव्हा पिशवीत आडवी टाकाल तर खालचे बटाटे भिजले म्हणून समजा. हा प्यायचा हॉयरिगेवर, म्हणजे द्राक्षबागवाल्याच्याच अंगणात. 1784 मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने बागवाल्यांना आपला माल स्वतः विकायची परवानगी दिली, तेव्हापासून चालू आहे हे. दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली की आज उघडं आहे. शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही, लिप्टाउअर म्हणून पाप्रिका घातलेलं चीज मिळतं, काळ्या ब्रेडवर थापून वर कच्चा कांदा घ्यायचा. मी पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवते.

डी ट्रामने नुसडॉर्फला शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि तिथून बागांकडे चालत सुटा. या शनिवारी आम्ही तिघी जातोय, प्रागचं बुकिंग नसेल तर या.