ऑर्गनचं वय

जर्मनीतल्या हँबुर्गच्या सेंट जेकबी चर्चमधला ऑर्गन, म्हणजे भात्याच्या हवेने नळ्या वाजवणारं भलंमोठं वाद्य, ते बांधणाऱ्या आर्प श्निट्गर या कारागिराच्या नावाने ओळखला जातो. १६८९ ते १६९३ अशी चार वर्षं खपून त्याने तो उभा केला. साठ स्टॉप, म्हणजे साठ वेगवेगळे आवाज, आणि जवळपास ४,००० नळ्या. पण त्या सगळ्या काही त्याच्या नाहीत. आधीच्या ऑर्गनमधल्या, शेरर घराण्याच्या आणि गॉटफ्रीड फ्रिट्झशच्या, म्हणजे जुन्या ऑर्गन-कारागिरांच्या हातच्या कितीतरी नळ्या त्याने तशाच ठेवून घेतल्या.

यात काटकसर होतीच. धातूच्या नळ्या कथील-शिशाच्या, आणि कथील तेव्हाही महागच. पण नुसता धातूच वाचवायचा असता तर जुन्या नळ्या वितळवता आल्या असत्या. श्निट्गरने त्या ठेवल्या, म्हणजे त्यांचा आवाज त्याला पटला असणार. एवढ्या नावाजलेल्या माणसाने दुसऱ्याचं काम मोडीत न काढणं, हे मला त्याच्या कारागिरीइतकंच मोठं वाटतं.

बहुतेक नळ्यांच्या बुडाजवळ एक फट असते. भात्याची हवा तिथून पातळ पात्यासारखी निघते, फटीच्या वरच्या कडेवर आपटते आणि नळीतली हवा थरथरू लागते. ती कड जराशी जरी कापली तरी आवाज पालटतो, आणि कापलेलं काही परत जोडता येत नाही. शिवाय कारागीर टोकदार हत्याराने नळीवर सुराचं अक्षर कोरून ठेवत. शेकडो वर्षांनी दुरुस्तीला बसलेली माणसं त्या अक्षरांच्या वळणावरूनही नळी कुणाची याचा माग काढतात.

१७२० साली इथल्या ऑर्गनवादकाच्या नोकरीसाठी खुद्द थोर संगीतकार बाख उमेदवार होता. जागा मिळाली हाइटमान नावाच्या गृहस्थांना, आणि त्यापोटी त्यांनी चर्चला ४,००० मार्क (तिथलं तेव्हाचं नाणं) दिले. नळीमागे एक मार्क म्हणा ना!

पुढे १९१७ मध्ये युद्धासाठी कथील हवं म्हणून दर्शनी नळ्या काढून नेल्या. मिरवणाऱ्या होत्या, त्याच आधी गेल्या. दुसऱ्या महायुद्धात आतल्या नळ्या वेळीच हलवल्या म्हणून वाचल्या. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात लाकडी सांगाडा मात्र जळाला. युर्गेन आरेंड या ऑर्गन-कारागिराने सगळं पुन्हा जुळवलं ते १९९३ मध्ये, बरोबर तीनशे वर्षांनी. आज समोर दिसतो तो सांगाडा आणि त्या चकचकीत नळ्या विसाव्या शतकातल्या. कानावर पडतं त्यातलं बरंचसं श्निट्गरचं, आणि काही त्याच्या जन्माच्याही आधीचं.